झापाआडची मोटार

रत्नागिरीत आम्ही बिऱ्हाड केलं होतं, तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. सकाळी पूजा आटोपून घरमालक मागच्या मांगरात, म्हणजे अंगणातल्या खोपटात, शिरले आणि मोटारीचं इंजिन धडधडू लागलं, की मी भाताचं आधण ठेवायची. इंजिन बंद झालं, की यांची कचेरीला निघायची वेळ. उन्हाळा असो, पावसाळा असो, यात कधी चूक झाली नाही. गाडी मात्र कुठेही जात नसे. सुरू व्हायची, थरथरायची, बंद व्हायची. मग ते सदऱ्याच्या बाह्या वर करत, तिचा एखादा भाग सोडवत, पुसत, तेल लावत आणि होता तिथे बसवत. तो बसल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नसत.

"एका टायमाला एकच," हे त्यांचं पालुपद होतं. ते फक्त गाडीपुरतं नव्हतं. एकदा मी दिवाळीच्या साफसफाईला दोन्ही ट्रंका ओसरीवर उघडून बसले होते. ते येता येता थांबले. चेहरा असा झाला, की मला वाटलं साप दिसला.

"वैनी, एक बंद करा. मग दुसरी उघडा."

"अहो, आवरून होतील आता दोन्ही."

"मधीच उठायला लागलं तर?"

मी एक बंद केली. मला स्वतःला कामं ओळीनं लिहून ठेवायची आणि एकेक खोडायची सवय आहे, त्यामुळे त्यांचं म्हणणं पटलंही. पण ते कुठून आलं होतं ते मला ठाऊक होतं. म्हणून मी उलट बोलले नाही.

त्यांना सगळा गाव तांडेल म्हणे. तांडेल म्हणजे गलबताचा कप्तान. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या गलबतं होती. आगबोटींनी माल ओढून नेला तसा तो धंदा बसला. शेवटचं गलबत विकण्याआधी ते मुंबईला गेले आणि येताना त्याच गलबतावर एक जुनी अमेरिकन मोटार बांधून घेऊन आले. दोन पडाव, म्हणजे लहान होड्या, एकमेकांना बांधून, वर फळ्या टाकून ती किनाऱ्याला लावली, तेव्हा बंदरावर जत्रा जमली होती म्हणतात. मुलाला मोटारीचं वेड होतं. तो मुंबईला एका कारखान्यात काम शिकून आला होता. बाप मालक, मुलगा ड्रायव्हर, अशी त्यांची कोल्हापूरपर्यंत उतारूंची ने-आण सुरू झाली.

तांडेलांच्या लेखी मात्र ते गलबतच होतं. गाडीच्या पुढच्या भागाला ते नाळ म्हणत, कापडी टपाला शीड. तळाच्या फळ्यांना गलबताला लावतात तसं मुशी माशाचं तेल चोळत, त्यामुळे गाडीत पेट्रोल आणि मासळी असा दुहेरी वास येई. घाटावरचे उतारू नाकाला उपरणं लावून बसत. एकाने तोंडावर तक्रार केली, तर हे म्हणाले, "तेलानं लाकूड जगतं. तुमचं नाक घाटावर गेलं की आपसूक बरं होईल."

आणि आमच्याकडे गलबतांची जी रीत, तीच गाडीची. पाऊस तोंडावर आला, की किनाऱ्यावरची गलबतं ओढून वर घेतात, ओंडक्यांवर चढवतात आणि माडाच्या झावळ्या विणून केलेल्या झापांनी शाकारून टाकतात. नारळी पुनवेला समुद्रात नारळ पडेपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. तांडेल मोटारही अशीच वर घेत. ओंडक्यांवर चढवायची, चाकं काढून आढ्याला टांगायची, इंजिन खोलून एकेक भाग तेलात घालून ठेवायचा आणि मांगराचं तोंड झापांनी बांधून टाकायचं. पुनवेला एक नारळ समुद्राला, एक गाडीला.

आम्ही राहायला गेलो त्या पहिल्याच वर्षी मी तो वाद ऐकला. बापलेक मागच्या अंगणात उभे होते. आभाळ भरून आलं होतं आणि गडी ओंडके आणत होते.

"बाबा, ही होडी नाही," मुलगा म्हणाला. "हिला चाकं आहेत. पावसात रस्ता असतो. लोकांना पावसातही घाटावर जावं लागतं."

"पावसात काय चालतं नि काय बुडतं ता मला शिकव तू."

"निदान खोलू तरी नका. उभी राहू दे."

"ओंडका धरा रे," तांडेल गड्यांना म्हणाले. विषय संपला. मुलगा हसला, धोतर खोचून त्याने दुसरी बाजू धरली आणि बापाबरोबर चाकं काढू लागला. रागावणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

त्याच पावसाळ्यात त्याच्या पोटात कळा सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, पोट उघडावं लागेल, ते इथे होण्यासारखं नाही, घाटावर न्या. आगबोटी बंद होत्या. उतारूंच्या मोटारी बंद होत्या. बैलगाडीने न्यायचं तर धक्क्यांनीच जीव जायचा. राहिली घरची गाडी, आणि ती तर मांगरात सुटी होऊन पडली होती.

तांडेल ती जोडायला बसले. त्यांना ते एकट्याला जमेना. मुलाची खाट मांगराशी आणून ठेवली. तो पडल्या पडल्या सांगायचा, "आधी तो... मोठा नट नको, त्याच्या शेजारचा..." मग कळ यायची आणि शब्द थांबायचे. कळ ओसरेपर्यंत बाप पाना हातात धरून तसाच बसून राही. आम्ही सगळे झाप उचकटत होतो, चाकं उतरवत होतो, पुसून देत होतो. अखेर इंजिन लागलं. मुलाने ते ऐकलं, हे मी शपथेवर सांगते. त्याने मान वळवली होती. गाडीत गादी घालेपर्यंत तो गेला.

त्यानंतर गाडी पुन्हा कधी ओंडक्यांवर चढली नाही. ती बाराही महिने चाकांवर उभी, हवा भरलेली, इंजिन रोज सुरू होणारं. मागच्या बाकावर गादी, पांढऱ्या अभ्र्याची उशी आणि पाण्याची सुरई. सुरईतलं पाणी तांडेल रोज बदलत. अभ्रा त्यांची बायको, आमच्या काकी, धुऊन घालत. पावसात तो वाळायचा नाही, तेव्हा चुलीवरच्या दांडीला अडकवून वाळवत आणि धुराचा वास लागला म्हणून पुन्हा धूत.

एवढी सज्ज गाडी. पण पाऊस आला, की तांडेल मांगराचं तोंड पूर्वीसारखंच झापांनी आवळून बांधायला लावत. गाडी आत तयार आणि बाहेर पडायला वाट नाही. आत जायला बाजूने एक अरुंद दार होतं, त्यातून ते ये-जा करत.

यात काय अर्थ आहे, असं मी काकींना एकदा विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "तुमी त्यांना विचारा. माझ्याशी ते याच्यावर बोलत न्हाईत."

मी विचारलं नाही, कारण उत्तर ते आपणहून प्रत्येकाला देत. कोणी भेटायला आलं आणि बोलणं मुलावर गेलं, की ते म्हणत, "गाडी सुटी नसती तरी काय? पावसात घाट चढलीच नसती." दूधवाल्याला म्हणत. गणपतीला आलेल्या पाहुण्यांना म्हणत. कोणी विषय काढला नाही, तरी अधूनमधून मांगरातून त्यांचा आवाज येई: "चढलीच नसती." शेजारी माना डोलवत. काकी तेवढ्या अशा वेळी उठून आत जात. ह्या एका वाक्यावर तो माणूस उभा होता, हे मला दिसत होतं. ते खरं की खोटं हे मात्र कोणी पाहिलं नव्हतं.

दोन पावसाळ्यांनंतर, श्रावणातल्या एका सकाळी, आमच्या यांच्या पोटात कळा सुरू झाल्या.

डॉक्टर तेच. त्यांनी उजव्या बाजूला बोटं दाबून पाहिलं आणि माझ्याकडे न बघता हात धुतले. "घाटावर न्यायला हवं," ते म्हणाले. "आजच."

मी मागच्या दाराने तडक मांगरात गेले. तांडेल वाकून कानशीने काहीतरी घासत होते.

"तांडेल, गाडी काढा. यांना कोल्हापूरला न्यायचंय."

त्यांनी मान वर केली नाही. "काय झालं?"

मी सांगितलं. कानस थांबली.

"न्हाय चढायची, वैनी."

"नाही चढली तर परत येऊ."

"पावसात परत यायला वाट ऱ्हात न्हाय. मागं नदी चढते. आमी डोली करू. मी माणसं बोलावतो, चांगली खांदेकरी माणसं..."

"डोली पोचेपर्यंत हे राहतील?"

त्यांनी कानस खाली ठेवली.

"तुमच्या मुलाला डोलीतून नेलंत का?" मी विचारलं.

हे बोलायला नको होतं असं मला आजही वाटत नाही. दुसरा उपाय नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मला चाललं असतं, पण त्या डोळ्यांत भीती होती. कानस त्यांनी पुन्हा हातात घेतली आणि तशीच ठेवून दिली.

"न्हाय चढायची," ते पुन्हा म्हणाले.

त्याच वेळी बाहेरून खस्सकन आवाज झाला आणि मांगरात उजेडाची एक तिरीप आली. पुन्हा एक आवाज, आणखी उजेड. काकी भर पावसात बाहेर उभ्या राहून कोयत्याने झापांचे सुंभ तोडत होत्या.

"काय करतेस गो?" तांडेल ओरडले.

त्यांनी पुढचा घाव घातला. शेवटचा सुंभ तुटला, झापांचा अख्खा पडदा चिखलात कोसळला आणि गाडीवर लख्ख उजेड पडला. काकी कोयता हातात घेऊन तशाच आत आल्या. डोक्यावरून पाणी गळत होतं.

"माका बघायचंय," त्या म्हणाल्या. "चढते की न्हाय, ता माका एकदा डोळ्यांनी बघायचंय."

"आणि चढली तर?"

हे त्यांनी इतक्या हळू विचारलं, की पावसात मला जेमतेम ऐकू आलं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चढली नाही, तर माझा नवरा वाटेत जाणार होता. चढली, तर त्यांच्या मुलालाही नेता आलं असतं, बापाची रीत आड आली म्हणून तो गेला, हे कायमचं ठरणार होतं. रोज इंजिन तयार ठेवणारा आणि रोज गाडी बांधून ठेवणारा माणूस एकच होता.

"चढली तर चढली," काकी म्हणाल्या. "हँडल मारा."

यांना गादीवर निजवलं. उशी डोक्याखाली सरकवताना काकींचा हात क्षणभर अडखळला, मग त्यांनी ती नीट केली. मी यांच्या पायाशी बसले, काकी पुढे. गाडी फाटकातून बाहेर पडली, तेव्हा शेजारी दारात येऊन उभे राहिले.

हातखंबा मागे पडला. मग तांडेल सुरू झाले. "आता बसेल. ह्या चढावर बसेल." गाडी तो चढ चढली. "पालीच्या उताराला घसरेल." नाही घसरली. प्रत्येक वळणाला ते तिच्या बसण्याची वाट बघत होते, आणि त्यांचे हात मात्र तिला अशा नेमकेपणाने सांभाळून काढत होते की धक्का जाणवू नये. तोंड एक बोलत होतं, हात दुसरंच करत होते. यांचं कण्हणं नाणीजपर्यंत ऐकू येत होतं. पुढे ते थांबलं, आणि ते मला जास्त भयंकर वाटलं.

दाभोळ्याच्या अलीकडे एका पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी रस्त्यावरून वाहत होतं. लाल, फेसाळ. तांडेलांनी गाडी थांबवली. खाली उतरून काठीने तळ चाचपला.

"त्या वेळी इथनं मागं फिरलो असतो," ते म्हणाले. "कोण पण फिरला असता."

"पोरगा फिरला असता?" काकींनी विचारलं.

तांडेल पाण्याकडे बघत राहिले. लोंढा येत होता, ओसरत होता, पुन्हा येत होता. बंदरात लाटांच्या मधल्या फटीतून होडी काढण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला ते न दिसणं शक्य नव्हतं.

"न्हाय," ते म्हणाले. इंजिनाच्या ज्या भागाला पाणी लागून चालत नाही, त्याच्याभोवती त्यांनी गाडीतल्या मेणकापडाचा तुकडा गुंडाळून बांधला, लोंढा ओसरायची वाट पाहिली आणि गाडी घातली. पाणी फळ्यांच्या फटींतून वर आलं. माझी पावलं भिजली. मग चाकांखाली पुन्हा रस्ता लागला.

आंबा घाटात धुकं होतं. पुढचं वळण दिसत नव्हतं. पहिली वळणं गाडीने काढली. मग एका उभ्या चढावर इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि बंद पडलं. काकींनी चटकन उतरून चाकाला दगड लावला. तांडेलांनी हँडल मारलं. लागलं, खोकलं, बंद. पुन्हा तेच.

सगळीकडे फक्त पावसाचा आवाज होता. मी यांच्या कपाळाला हात लावला. तो चटकन मागे घ्यावा इतकं ते तापलं होतं.

"म्हटलं न्हवतं?" तांडेल म्हणाले. "न्हाय चढायची." आवाजात सुटका होती, हे मला स्वच्छ ऐकू आलं. त्यांनी सुकाणूवर दोन्ही हात ठेवले आणि डोळे मिटले. खरं ठरलं होतं. त्यांच्या बाजूने आम्ही दोघी साक्षीला होतो. मोटारीतलं आम्हा दोघींना काही कळत नव्हतं. गाडी इथून मागे वळली असती, तरी आम्ही जन्मभर हेच सांगितलं असतं, की तांडेलांनी शर्थ केली, पण पावसात घाट चढतच नाही.

काकींनी मान खाली घातली.

मग तांडेल डोळे मिटूनच म्हणाले, "पोरगा उलटी चढवायचा."

"काय?" मी विचारलं.

"टाकी बाकाखाली हाय. पेट्रोल कमी असलं नि चढ उभा असला, की नाळ वर जाते, टाकी खाली ऱ्हाते. पेट्रोल वर चढत न्हाय, इंजिन उपाशी मरतं." ते एकेक शब्द ओढून काढल्यासारखे बोलत होते. "गाडी फिरवायची. मागला गेर टाकायचा. मग इंजिन खाली, टाकी वर. पोरगा म्हणायचा, बाबा, पेट्रोल कमी असलं तरी ही अशी कुठं पण चढते."

पाऊस तसाच पडत होता. काकी त्यांच्याकडे बघत होत्या. तांडेल खाली उतरले.

वळणाशी थोडी रुंद जागा होती तिथे त्यांनी गाडी सावकाश मागे सोडत फिरवली. आता तिचं तोंड दरीकडे, आलेल्या वाटेकडे होतं आणि पाठ घाटमाथ्याकडे. पण धुक्यात मागचं दिसणार कसं? काकींनी यांच्या डोक्याखालच्या उशीचा अभ्रा ओढून काढला आणि गाडीच्या मागे, चढावर चालत गेल्या. त्यांचं काळं लुगडं धुक्यात दिसेनासं झालं. पांढरा अभ्रा तेवढा दिसत राहिला. त्या तो डावीकडे हलवत, उजवीकडे हलवत आणि ओरडत, "इकडं... अजून इकडं... दरी हाय, थांबा... या आता!"

गलबत खडकांतून आत घेताना नाळेवर उभा राहून कोणीतरी असाच ओरडतो. तांडेल मान मागे वळवून त्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघत राहिले आणि गाडी इंच इंच मागे चढत गेली. इंजिन एकदाही खोकलं नाही.

माथ्यावर वारा होता. काकी थांबल्या. अभ्रा चिखलाने लाल झाला होता.

"चढली," त्या म्हणाल्या.

तांडेलांचे हात सुकाणूवरून सुटेनात. काकींनी जवळ येऊन एकेक बोट सोडवलं. ते त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडले, आणि काकी दुसऱ्या हाताने गाडीच्या दाराला धरून ताठ उभ्या राहिल्या. मग त्याच म्हणाल्या, "चला. ह्यांना पोचवायचाय."

मलकापुरात पेट्रोल मिळालं. कोल्हापूरला डॉक्टरांनी यांना लगेच आत घेतलं. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, वेळेत आणलंत. तांडेल माझ्या शेजारीच उभे होते. ते शब्द त्यांनीही ऐकले. पागोटं काढून हातात घेतलं, बाहेर गेले आणि पावसात गाडीशेजारी उभे राहिले. मी त्यांच्या मागे गेले नाही. आभार मानायची ती वेळ नव्हती.

हे बरे होऊन आम्ही परत आलो. मांगरातून "चढलीच नसती" पुन्हा कधी ऐकू आलं नाही. त्याच्या जागी दुसरं काही आलंही नाही. तांडेल फार कमी बोलू लागले, जेवण निम्म्यावर आलं. काकींना मी म्हटलं, तुम्ही झाप तोडलेत ते बरं केलंत की नाही, मला कळत नाही. त्या म्हणाल्या, "माका कळतंय. मी रोज अभ्रा कोणासाठी धुवायची, सांगा? आता ते नि मी एका जागी तरी रडताव."

पुढल्या ज्येष्ठात आभाळ भरून आलं, तेव्हा शाकारणीचा गडी झापांचा भारा घेऊन मागच्या अंगणात आला. मी विहिरीवर होते. गड्याने घराच्या पडवीला झाप बांधले, गोठ्याला बांधले आणि उरलेले झाप मांगराच्या तोंडाशी नेऊन टाकले. आत तांडेल इंजिनाचा एक भाग पुसत होते.

"तांडेल, ह्यो बांधू ना नेहमीसारखा?"

त्यांनी हातातला भाग आधी जागच्या जागी बसवला. नट आवळला. मग ते बाहेर आले, झापांचा भारा पायाने बाजूला सारला आणि वर आभाळाकडे पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "ही होडी न्हाय."